पोटातलं माहेर

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर दिवसभर गाडीत बसून असत, पण गाडी चालवत कधीच नसत. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि शिकणाऱ्याने भिंतीवर, खांबावर किंवा चालत्या माणसावर चाल केली की तो दाबायचा, एवढंच त्यांचं काम. त्यात हालचाल काय ती एका पायाची. बाकीचं शरीर बसल्या जागी घाबरायचं. आणि घाबरलं की मास्तरांना गोड खावंसं वाटायचं. डॅशबोर्डच्या खणात टॉफ्यांचा डबा कायम भरलेला असे. एक संकट टळलं की एक टॉफी, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. शिकणारा जितका कच्चा, तितकी मास्तरांची साखर चढी. पोट तर असं सुटलं होतं की सीटबेल्ट लावताना ते आधी दीर्घ श्वास घेत, मग लावत आणि मग तो श्वास धडा संपेपर्यंत जपून सोडत.

त्यांच्या साखरेच्या गोळ्या चालू होत्या आणि साखरही चालू होती. दोघींचं एकमेकींशी काही वैर दिसत नव्हतं. पण एका दुपारी जेवणानंतर मास्तरांना गाडीतच डुलकी लागली आणि गाडी मागे घ्यायला शिकणाऱ्या एका भिडस्त गृहस्थांनी त्यांना उठवणं बरं नाही म्हणून गाडी तशीच मागे घेत घेत कचऱ्याच्या मोठ्या पिंपात घातली. स्कूलच्या मालकांनी पोचा आलेल्या बंपरकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं आणि आधी तब्येत दाखवून या, मगच कामावर या, असं सांगितलं.

पोटाच्या डॉक्टर वयाने तरुण आणि बोलायला शांत होत्या. त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि रिपोर्ट समोर ठेवून एकेक गोष्ट समजावली. कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातली चरबी, चांगलं कोलेस्टेरॉल आणि उपाशीपोटीची साखर अशा या पाच गोष्टी. त्यांतल्या तीन बिघडल्या तरी त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. मास्तरांच्या पाचही बिघडल्या होत्या. शाळेत ज्यांना कधी कुठल्या विषयात पैकीच्या पैकी मिळाले नव्हते, त्या मास्तरांना क्षणभर उगीचच बरं वाटलं. शेजारी बसलेल्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच गंभीर झाले.

चाला, कमी खा, भाज्या खा हे सगळं मास्तरांना पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टी करायच्या नसतात अशी त्यांची समजूत होती. त्यांनी डॉक्टरांना विचारलं की यावर काही नवीन निघालं नाही का. डॉक्टर जरा थांबल्या आणि म्हणाल्या की एक अभ्यास चालू आहे, पण त्याला औषध समजू नका.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या आतड्यात जंतूंची प्रचंड वस्ती असते. सडपातळ, निरोगी माणसाच्या पोटात त्यांचे प्रकार बहुधा जास्त असतात. आपण खाल्लेल्या चोथ्यातून ते अशी काही द्रव्यं बनवतात की शरीर इन्सुलिनचं जास्त ऐकायला लागतं. निरोगी माणसाचे जंतू दुसऱ्याच्या पोटात सोडले तर काही जणांमध्ये काही आठवडे फरक पडलेला दिसतो. काहींमध्ये काहीच होत नाही. का, ते कुणालाच अजून नीट माहीत नाही.

"आणि हे जंतू काढणार कशातून?" मास्तरांनी विचारलं.

डॉक्टरांनी सरळ शब्दांत सांगितलं. मास्तरांच्या बायकोने पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. ती बराच वेळ शोधत राहिली. डॉक्टर पुढे म्हणाल्या की ते कॅप्सूलमध्ये भरून देतात, वास येत नाही, चव लागत नाही. दाता घरातला, नात्यातला चालेल, पण त्याच्या कडक तपासण्या होतील आणि बहुतेक जण त्यांत नापास होतात. शिवाय अभ्यासातल्या अर्ध्या लोकांना दात्याचं दिलं जाईल आणि अर्ध्यांना त्यांचं स्वतःचंच परत. कुणाला काय गेलं हे शेवटपर्यंत पेशंटलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही.

"सडपातळ, निरोगी आणि वर्षानुवर्षं औषधाची गोळी न घेतलेलं असं कुणी आहे का घरात?" डॉक्टरांनी विचारलं.

बायकोने पर्स मिटली. "दादा आहे ना माझा," ती म्हणाली.

मास्तर घाईघाईने म्हणाले की मग चालणंच बरं.

दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायचा. लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता. पोट इस्त्रीच्या टेबलासारखं सपाट. बहिणीचं लग्न झाल्या दिवसापासून तो मास्तरांना सरळ बसा, पोट आत घ्या, जिने चढा असं सांगत आला होता आणि मास्तर त्याच दिवसापासून त्याला टाळत आले होते. दादा पुढच्या दाराने आला की मास्तरांना काहीतरी आणायला बाहेर जायचं असे. आणि आता त्याच्याकडेच हात पसरायचा, तोही कशासाठी, या विचाराने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दादाला मात्र आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्याकडे काहीतरी मागत होतं. तपासण्यांना तो असा गेला की जणू परीक्षेला निघालाय. रक्त दिलं, प्रश्नांची सरबत्ती झेलली, परदेश प्रवास, जुने आजार, खाणंपिणं यांची खडान्खडा माहिती दिली. पास झाल्याचा फोन आला तेव्हा त्याने ते वर्तमान आधी तलावावर सांगितलं आणि नंतर बहिणीला. तलावावर तो त्याला अवयवदान म्हणत होता. कुठला अवयव असं कुणी विचारलं की तो म्हणे, आतला.

घरात त्या गोष्टीला काय म्हणायचं हा प्रश्नच होता. बायकोच्या तोंडून तो शब्द निघेना. शेवटी तिने 'ऐवज' म्हणायला सुरुवात केली आणि तोच शब्द रूढ झाला. अर्ध्या लोकांना स्वतःचंच परत मिळणार होतं म्हणून ऐवज दोघांचाही लागणार होता. हॉस्पिटलने दोन सीलबंद डबे दिले होते, दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. सकाळी ताजा ऐवज लवकरात लवकर पोहोचवायचा होता.

त्या सकाळी मास्तरांची शिकवणी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची होती. बाई शिस्तीच्या होत्या. गाडी सायकलपेक्षा वेगाने न्यायची नाही, हा त्यांनी स्वतःला घालून दिलेला नियम होता. धडा रद्द करणं त्यांना चालणार नव्हतं, म्हणून मास्तरांनी हॉस्पिटलचाच रस्ता धडा म्हणून ठरवला. मागच्या सीटवर दादा दोन्ही डबे मांडीवर घेऊन ताठ बसला. थोडं अंतर गेल्यावर त्याचा धीर सुटायला लागला. माल जिवंत आहे, जरा पाय दाबा, असं तो मागून म्हणाला. बाईंनी आरशात पाहून सांगितलं की गाडी मी चालवतेय आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावरून बोललेलं मला कधीच चाललं नाही.

मुख्य चौकात गाडी बंद पडली. मागे भोंग्यांचा गदारोळ उठला. वाहतूक पोलीस आला, त्याने शिकाऊ पाटी पाहिली, बाई पाहिल्या, मग मागच्या सीटवरचे सीलबंद डबे पाहिले आणि त्यांत काय आहे ते विचारलं.

"ऐवज आहे," दादा म्हणाला.

पोलिसाने डबा उघडायला सांगितलं. मास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि हलक्या आवाजात एकाच वाक्यात खरं काय ते सांगितलं. पोलीस दोन पावलं मागे सरकला. मग त्याने शिट्टी वाजवून चारही बाजूंची वाहतूक थांबवली आणि जन्मात कधी मंत्र्याला दाखवली नसेल अशी अदब दाखवून गाडीला रस्ता करून दिला. बाईंना वाटलं हा मान आपल्या गाडी चालवण्याला आहे. त्या दिवसापासून त्यांचा आत्मविश्वास फार वाढला.

पुढे काही दिवसांनी मास्तरांना कॅप्सूल घ्यायला बोलावलं. दादाचं असो की आपलं, दिसायला सगळं एकसारखंच होतं. गोल डब्यात भरपूर मोठाल्या कॅप्सूल, शेजारी पाण्याचा जग आणि समोर खुर्ची टाकून बसलेली नर्स. बायको बाहेर बाकावर थांबली. मास्तर एकेक कॅप्सूल उचलत, उजेडात धरून बघत आणि गिळत. प्रत्येक घोटाला त्यांना ताठ बसलेला दादा दिसायचा. सगळ्या संपल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि आयुष्यभर टाळलेला मेहुणा आपण अख्खाच्या अख्खा पाण्याबरोबर गिळला, असं त्यांच्या मनात आलं.

दात्याचं मिळालं की स्वतःचंच, हा प्रश्न दादापुढे नव्हताच. मी एवढं पहिल्या प्रतीचं दिल्यावर तुमचं तुम्हाला कोण कशाला देईल, असा त्याचा युक्तिवाद होता. बायकोलाही तो पटला आणि ती तर याच्याही पुढे गेली. हॉस्पिटलमधून आल्या दिवशी तिने मास्तरांना खुर्ची दिली, उशी दिली आणि त्यांच्या पोटाकडे बघत विचारलं की प्रवास नीट झाला ना. मास्तर म्हणाले, मी तुझ्याबरोबरच तर आलो. ती म्हणाली, तुम्हाला नाही विचारलं, माझ्या माहेरच्यांना विचारलं.

तेव्हापासून मास्तरांचं पोट हे बायकोचं माहेर झालं. आजवर जेवताना मास्तरांनी दुसऱ्यांदा काही मागितलं की तिचा चेहरा आंबायचा. आता ती स्वतःच आग्रह करू लागली. आग्रह मात्र राजम्याचा, वाटाण्यांचा, कोबीचा आणि गाजरांचा. डॉक्टरांनी चोथा असलेलं खा म्हणून सांगितलं होतं, ते तिने आता कुठे मनावर घेतलं. नवऱ्याला पथ्याचं द्यायला तिला कधी उत्साह नव्हता. माहेरच्यांना त्यांच्या आवडीचं द्यायचं तर गोष्ट वेगळी होती.

आणि दादा रोज संध्याकाळी जेवायला येऊ लागला. येताना हातात भिजवलेल्या कडधान्याची पिशवी असे. आल्या आल्या तो मास्तरांच्या ताटात डोकावायचा. "माझी माणसं उपाशी ठेवू नका, भाऊजी," असं म्हणून आणखी एक डाव वाढायला सांगायचा. पहिल्या काही दिवसांत मास्तरांचं पोट इतकं फुगलं आणि असं गुरगुरलं की गाडीत शिकणारे इंजिन बिघडलं समजून गाडी बाजूला घेत. दादा म्हणायचा, सामान लावतायत, नवीन जागा आहे. एकदा तो तलावावरून येता येता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिरला, गाडीच्या खणातला टॉफ्यांचा डबा काढून घेतला आणि मालकांच्या पोरांना वाटून टाकला. त्याची माणसं साखरेवर वाढलेली नाहीत, तेव्हा त्यांना भलत्या सवयी लागायला नकोत, असं त्याने बजावलं. जेवण झालं की तो मास्तरांना घेऊन चालायला निघे. मास्तर सबब सांगू लागले तर म्हणे, तुम्ही बसा हवं तर, पण यांना फिरवून आणायला पाहिजे. आता पोट घरी ठेवून कसं जाणार, म्हणून मास्तरांनाही जावं लागे.

हळूहळू मास्तरांना स्वतःतच दादाची लक्षणं दिसू लागली. सकाळी लवकर जाग यायची. अंघोळीला गार पाणी घ्यावंसं वाटायचं. एका शिकणाऱ्याला ते नकळत म्हणाले, सरळ बसा, पोट आत घ्या. म्हटल्यावर ते स्वतःच दचकले आणि हे बोललं कोण, म्हणून त्यांनी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. आतून मेहुणा बोलला याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. चौकात शिकणाऱ्याने बसच्या अंगावर गाडी घातली की ते अजूनही घाबरायचे, पण खणात हात घातला की आता गाजराचे तुकडे लागायचे. घाबरलेल्या माणसाने गाजर खाणं तितकंसं शोभत नाही, पण चावायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात भीती निघून जाते, हे त्यांना कळलं.

तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली तेव्हा ती चक्क उतरली होती. कंबर कमी झाली होती, रक्तदाबही खाली आला होता. डॉक्टरांनी गोळ्या मात्र आहेत तशाच चालू ठेवायला सांगितल्या. दादाचा पाय जमिनीवर ठरेना. तलावावर येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगू लागला की आमच्या भाऊजींची साखर मी उतरवली, आतून. नात्यातल्या दोन-तीन जाड मंडळींनी त्याच्याकडे हळूच चौकशीही केली. दादाने त्यांना सांगितलं की घाई करू नका, सध्या एकच घर लावून दिलंय.

अभ्यास संपला तसं डॉक्टरांनी मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला बोलावलं. कुणाला काय मिळालं ते आता उघड झालं होतं. डॉक्टर म्हणाल्या, मास्तरांना त्यांचं स्वतःचंच दिलं गेलं होतं.

मग बायको हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या माहेरचं कुणी आलंच नाही?"

डॉक्टरांना हा प्रश्न कळला नाही. त्यांनी आपल्या परीने समजावलं. ज्यांना दात्यांचं मिळालं त्यांच्यापैकी काहींच्या शरीराने सुरुवातीचे काही आठवडे इन्सुलिनला जरा बरी दाद दिली, पण पुढे तो फरक ओसरत गेला. कुणाला उपयोग होतो आणि कुणाला नाही, हे अजून शोधायचंच आहे. मास्तरांची साखर उतरली ती चालण्याने, कडधान्यांनी आणि टॉफ्या बंद झाल्याने. एक मात्र खरं, त्यांच्या पोटात आता पहिल्यापेक्षा जास्त प्रकारचे जंतू नांदत आहेत. चांगलं खायला मिळालं की वस्ती बदलते. "पण ते तुमचेच," डॉक्टर हसून म्हणाल्या.

घरी येताना मास्तरांची छाती पोटाच्या पुढे आली होती. जे काही झालं ते त्यांच्या स्वतःच्या माणसांनी केलं होतं. इतके महिने मेहुण्याचे उपकार म्हणून जे डोक्यावर घेतलं, त्यातलं काही खरं नव्हतं. बायकोच्या मनात मात्र वाटभर दादा होता. घराच्या दाराशी ती म्हणाली की दादाला सांगू नका. त्याला दुसरं कोण आहे, रोज इथे येतो, दोन घास खातो, त्याचा जीव रमतो. ही गोष्ट तेवढी पोटात ठेवा. मास्तर म्हणाले, ठेवतो, पोटात आता जागा आहे.

आणि त्यांनी काही दिवस ठेवलीही. दादा वाढायला सांगे, ते खात. दादा आपल्या माणसांची विचारपूस करे, ते बरी आहेत म्हणून सांगत. पण एका सकाळी दादाने त्यांना तलावावर बोलावून घेतलं. पाण्यात मोठ्या वयाच्या नवशिक्यांचा वर्ग कठड्याला धरून पाय मारत होता. दादाने त्यांना थांबवलं, मास्तरांना काठावर उभं केलं आणि शर्ट जरा वर करायला सांगितला. मग छडी रोखावी तशी शिट्टी कमरेकडे रोखून तो म्हणाला की आधी हे पोट इथपर्यंत होतं. हे जे उतरलं ते यांनी नाही उतरवलं. यांचा स्वभाव मला माहीत आहे, यांच्याकडून काडी हलली नसती. यांच्या पोटात मी आहे.

पाण्यातली सगळी तोंडं मास्तरांच्या पोटाकडे वळली.

"नाही आहात," मास्तर म्हणाले.

आणि मग त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिथेच, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. सांगताना चढलेला जोर सांगून होताच उतरला, कारण दादाचा चेहरा पडत गेला तसा त्यांना तो बघवेना. दादा आधी म्हणाला की डबे बदलले असतील, त्या बाईंनी चौकात गाडीला हिसका दिला होता. मास्तर म्हणाले, डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. दादाने शिट्टी हातात घेऊन उगीच उलटसुलट केली.

"म्हणजे इतके महिने मी परक्यांना जेवू घालत होतो," तो म्हणाला. मग त्याने शिट्टी फुंकली आणि वर्गाला पलीकडच्या टोकाला पिटाळलं.

त्या संध्याकाळी दादा आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. बायको मास्तरांशी कामापुरतं बोलू लागली. मास्तरांना वाटलं होतं आता सुटलो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी वाटाणे बाजूला सारून लोणी लावलेला पाव मनसोक्त खाल्ला, वर केक खाल्ला आणि जेवल्यावर खुर्चीत मागे रेलले. कुणीच काही म्हणालं नाही. कुणी ताटात डोकावलं नाही. चालायला ते एकटेच निघाले आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन टॉफ्या घेऊन परत आले. असं होता होता टॉफ्या पुन्हा गाडीच्या खणात गेल्या. घरी बोटाला टोचून साखर पाहायचं यंत्र होतं, त्यावरचा आकडा चढत चालला. मास्तर तो आकडा पाहत आणि यंत्र बिघडलं असावं असं ठरवून टाकत.

एक दिवस रात्रीचं जेवण वाढता वाढता बायको म्हणाली की दादा घरी असतो तेव्हा दार लावून बसतो, फोन उचलत नाही. मास्तरांनी ताट बाजूला सारलं. ते दादाला टाळत आले होते ते ठीक, पण दादाने आपल्याला टाळावं याची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या शिकवण्यांच्या मधल्या वेळात ते तलावावर गेले. पोहणारं कुणी नव्हतं. दादा लांब दांड्याची जाळी घेऊन पाण्यावरची पानं काढत होता. त्याने मास्तरांना पाहिलं आणि पानं काढत राहिला. मास्तर काठाच्या बाकावर बसले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण ते सगळं विसरले.

"दादा, ते माझेच आहेत हे खरं," ते म्हणाले. "पण माझे म्हणून मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. तुमचे आहेत असं वाटायचं तेव्हा त्यांच्यासाठी गाजरं खाल्ली, रोज चाललो. माझेच आहेत कळल्यापासून टॉफीवर ठेवलंय."

दादाची जाळी थांबली. "टॉफीवर?"

"आणि पावावर."

दादाने मास्तरांच्या पोटाकडे पाहिलं. आधी कमरेकडे, मग थोडं आत पाहिल्यासारखं. त्याचा चेहरा रागाचा झाला, पण या रागात काळजी होती. जाळी भिंतीला टेकवून तो बाकावर येऊन बसला.

"जन्माला तुम्ही घातलं असेल, भाऊजी," तो म्हणाला. "पण पोसलं कुणी?"

"तुम्ही."

"राजमा कुणी भिजवला?"

"तुम्ही."

"मग संपलं. दत्तक आहेत ते माझे. मला न विचारता त्यांना काय वाट्टेल ते घालायचा तुम्हाला अधिकार नाही."

मास्तर म्हणाले, बरोबर आहे. दादा उठला, कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि एक पिशवी घेऊन आला. तिच्यात भिजवलेले वाटाणे होते. तो पाण्याकडे बघत म्हणाला की मधल्या दिवसांतही रोज भिजवत होतो, हाताला सवय लागली, एकट्याला काही संपत नाहीत.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं तर दोघं पिशवी धरून उभे. तिने पिशवी काढून घेतली आणि गॅस पेटवताना तिच्या हालचाली जरा जास्तच चपळ झाल्या. जेवताना मास्तरांनी तिला दत्तकाची हकिकत सांगितली. तिने डाव हातातच धरला आणि नातं जुळवायला लागली. दादाचे दत्तक म्हणजे आपले भाचे, तेव्हा आपण त्यांची आत्या. पण जन्म नवऱ्याकडचा, तेव्हा आपली पोरंच म्हणायची. एकाच पोटात आई आणि आत्या दोन्ही कसं व्हायचं, हे तिला काही उलगडेना. तिने दादाला विचारलं. दादाने मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, मला विचारू नका, मी नुसता घरमालक आहे.

"कुणीही असू देत," बायको म्हणाली आणि तिने मास्तरांच्या ताटात वाटाण्यांचा आणखी एक डाव वाढला.